दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा आणि प्रेक्षकाचा अभिप्राय : एक चिकित्सा

प्रस्तावना

झी टीव्हीवर १९९५ मध्ये 'सा रे ग म' हा कार्यक्रम सुरू झाला आणि गायनस्पर्धा हा दूरचित्रवाणीचा एक स्थिर प्रकार बनला. आरंभीच्या काळात निर्णयाचा अधिकार जाणकार परीक्षकांकडे होता. प्रेक्षक घरी बसून त्या निर्णयाशी सहमत होत असे किंवा भांडत असे. २००४ मध्ये ब्रिटनमधील 'पॉप आयडॉल'च्या धर्तीवर सोनी वाहिनीने 'इंडियन आयडॉल' आणले आणि दूरध्वनी व एसएमएसच्या साहाय्याने प्रेक्षकालाच निकालाचा अधिकार मिळाला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. त्यानंतर 'योग्य तोच जिंकला का?' हा वाद प्रत्येक पर्वाबरोबर येत गेला.

या वादात सुशिक्षित वर्गाची भूमिका बहुधा ठरलेली असते. प्रेक्षकाला गाण्यातले कळत नाही, तो भावनेच्या किंवा प्रांताच्या आहारी जाऊन मत देतो, सबब त्याचा अभिप्राय समीक्षेच्या विचारात घेण्याजोगा नाही, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. प्रेक्षकाचा अभिप्राय आणि प्रेक्षकाचे मतदान या दोन भिन्न गोष्टी असून, दुसरीतील दोष पहिलीच्या माथी मारले जातात, असे येथील प्रतिपादन आहे.

१. प्रेक्षकाच्या अभिप्रायाची पूर्वपरंपरा

सामान्य प्रेक्षकाने कलाकारावर मत द्यावे ही काही दूरचित्रवाणीची देणगी नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. प्रेक्षकांचे उद्गार, हास्य, रोमांच, आसनावरून उठणे यांवरून कळणारी ती मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागृह भरलेले असूनही जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, तेथे दैवी सिद्धी मानली आहे. याच अध्यायात निर्णय देणाऱ्या प्राश्निकांचाही विचार आहे. वय आणि प्रकृती यांनुसार प्रेक्षकांच्या आवडी भिन्न असतात हेही भरताने मान्य केले आहे. म्हणजे तज्ज्ञाचा निर्णय आणि रसिकाचा प्रतिसाद या दोन्ही गोष्टी त्याने एकाच प्रकरणात, परंतु वेगवेगळ्या ठेवल्या.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा, भीतभीत गाणारा, कंप पावणाऱ्या आवाजाचा, डोळे मिटून गाणारा, नाकात गाणारा अशी ही यादी वाचताना आजच्या स्पर्धेतील परीक्षकांच्या सूचना आठवल्याखेरीज राहत नाहीत. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी, की यांतील बहुतेक दोष ओळखण्यासाठी शास्त्राध्ययनाची गरज नसते. ऐकून ऐकून तयार झालेल्या कानाला आणि पाहणाऱ्या डोळ्याला ते जाणवतात.

महाराष्ट्रात हा कान घडविण्याचे काम कीर्तन, भजन आणि संगीत नाटक यांनी केले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आल्यानंतर नाट्यपदांना 'वन्समोअर' देण्याची रीत रूढ झाली. वन्समोअर हेही एक प्रकारचे मतदानच होते. मात्र ते तत्काळ होते, सर्वांच्या समोर होते आणि त्यात कोणाचा पराभव नव्हता. वन्समोअर देणारा प्रेक्षक 'आणखी गा' असे म्हणत होता. स्पर्धेतील मतदानाची परिणती मात्र कोणीतरी गाणे थांबवून घरी जाण्यात होते. प्रेक्षकाच्या हाती आलेल्या नव्या अधिकाराचे स्वरूप या एका फरकावरून स्पष्ट होते.

२. अभिप्रायाचे तीन स्तर : 'लिटिल चॅम्प्स'चे उदाहरण

झी मराठीवरील 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' (२००८-०९) या पर्वाने मराठी घरांत गाण्याविषयी जेवढी चर्चा घडविली, तेवढी क्वचितच एखाद्या कार्यक्रमाने घडविली असेल. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक आणि पल्लवी जोशी या निवेदिका होत्या. फेब्रुवारी २००९ मधील महाअंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. आर्या आंबेकर (पुणे), प्रथमेश लघाटे (आरवली, जि. रत्नागिरी), मुग्धा वैशंपायन (अलिबाग) आणि रोहित राऊत (लातूर) हे अन्य चौघे होते. या पाच जणांना 'पंचरत्ने' हे नाव पडले ते आजतागायत टिकून आहे.

या पाचही गायकांविषयी त्या काळी व्यक्त होणारे अभिप्राय पाहिले, तर त्यांत तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला स्तर गानमूल्याचा. 'सुरेल आहे पण गाणं कोरडं वाटतं', 'गळ्यात फिरत आहे', 'वरचा सूर नीट लागला नाही', 'शब्द स्वच्छ आहेत', 'दमसास कमी पडला' ही मराठी घरातील नेहमीची भाषा आहे. तिला पारिभाषिक काटेकोरपणा नाही. परंतु सूर, लय, उच्चार, भाव आणि तयारी हे पाचही निकष तिच्यात उपस्थित आहेत. परीक्षकांकडून 'ध', 'नी' असे स्वररूपी गुण मिळत, तेव्हा त्या एका अक्षरापेक्षा प्रेक्षकाचे हे वाक्य अधिक काही सांगत असे.

दुसरा स्तर जिव्हाळ्याचा. आठवडागणिक त्याच मुलाला पाहताना प्रेक्षक त्याचा घरचा माणूस होतो. पल्लवी जोशींनी मुग्धाला दिलेले 'मॉनिटर' हे बिरूद घरोघरी प्रेमाने उच्चारले जाई. येथे गाण्याचे नव्हे, तर गाणाऱ्या लहान मुलीचे कौतुक होते आणि त्यात गैर असे काही नव्हते. अडचण तेव्हा येते, जेव्हा हे कौतुक गुणांकनाच्या रूपाने नोंदले जाते.

तिसरा स्तर संगीतप्रकार आणि त्यामागील समाजजीवन यांचा. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या आहेत. प्रत्येक कोटीचे प्रयोजन, श्रोता आणि मूल्यनिकष वेगळे असतात. कार्तिकीचा गळा आळंदीच्या भजनी वातावरणात, भक्ती आणि लोक या कोटींत घडलेला. आर्याच्या गाण्यामागे घरातील शास्त्रीय संगीताचा संस्कार. प्रथमेशचा ओढा अभंग-नाट्यपदांकडे. तर रोहितचा अलीकडच्या चित्रपटगीतांकडे. 'आर्याच जिंकायला हवी होती' आणि 'कार्तिकीच खरी' या दोन मतांत वरवर पाहता दोन मुलींची तुलना होती. वस्तुतः नाजूक, संयत सुगम गायन श्रेष्ठ की मोकळ्या, खणखणीत आवाजातील भजन-भारूड श्रेष्ठ, हा तो वाद होता. एका कोटीचा निकष दुसरीला लावून दिलेला कोणताही निर्णय, तो तज्ज्ञाचा असो वा प्रेक्षकाचा, अपुराच ठरणार. दिवाणखान्यातील गाणे ऐकलेल्या कानाला देवळाच्या मंडपातील आवाज 'चढा' वाटतो; मंडपातल्या कानाला दिवाणखान्यातला आवाज 'दबलेला' वाटतो. हे अज्ञान नसून दोन श्रवणसंस्कारांतील अंतर आहे. पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात अभिरुची आणि सामाजिक स्थान यांचा जो संबंध दाखविला, त्याचे हे मराठी रूप मानता येईल.

३. मूळ ध्वनिमुद्रणाची सावली

प्रेक्षकाच्या अभिप्रायाची एक खरी मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. अशा स्पर्धांत गायिली जाणारी गाणी बहुतांशी आधीच लोकप्रिय झालेली असतात. लता मंगेशकर, आशा भोसले, मोहम्मद रफी किंवा सुधीर फडके यांचे मूळ ध्वनिमुद्रण प्रेक्षकाच्या कानात पक्के असते आणि स्पर्धक त्या स्मृतीसमोर उभा राहून गातो. परिणामी 'अगदी मूळ गाण्यासारखं गायलं' ही सर्वोच्च प्रशंसा ठरते आणि जागा बदलणारा गायक चुकला असे वाटते. रागसंगीतात बंदिश तीच असूनही प्रत्येक मैफल नवी मानली जाते; येथे नवेपणा हाच धोका ठरतो.

या मर्यादेची जबाबदारी एकट्या प्रेक्षकावर टाकता येत नाही. गाण्याची निवड, दोन-तीन मिनिटांत उरकणारे सादरीकरण, वाद्यवृंदाने मूळ संयोजन जसेच्या तसे उभे करणे, आवाजावरील तांत्रिक संस्कार आणि संकलन या सर्वांतून अनुकरणाचीच अपेक्षा तयार केली जाते. प्रेक्षक त्या चौकटीत मत देतो. चौकटीची चिकित्सा न करता मताची टवाळी करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

४. अभिप्राय आणि मतदान

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. वर सांगितलेले तीन स्तर बोलण्यात वेगळे राहतात. 'गाते छानच, पण मला तो मुलगा आवडतो' असे वाक्य कोणीही सहज बोलतो. त्यात गुण आणि आवड यांतील भेदाची जाणीव असते. एसएमएसमध्ये मात्र स्पर्धकाचे नाव किंवा क्रमांक एवढेच असते. तिन्ही स्तर एका आकड्यात मिसळतात आणि वाहिनी त्या आकड्याला 'जनतेचा कौल' म्हणते. शिवाय एका व्यक्तीला अनेक मते पाठविता येतात. म्हणून तो कौल निवडणुकीच्या अर्थानेही कौल नसतो. ज्याची पैसे खर्च करण्याची तयारी अधिक, त्याचा आवाज मोठा.

२००५ मधील 'फेम गुरुकुल' या स्पर्धेत काश्मीरचा काझी तौकीर रूपरेखा बॅनर्जीसह विजेता ठरला, तेव्हा त्याच्या गायनाविषयी परीक्षकांनी व्यक्त केलेली नाराजी आणि त्याला मिळालेला पाठिंबा यांतील विसंगती सर्वांना जाणवली. त्याच स्पर्धेतून अंतिम फेरीपूर्वीच बाहेर पडलेला अरिजित सिंग पुढील दशकात पार्श्वगायनातील आघाडीचे नाव बनला. अरिजितला पुढे लोकप्रिय करणारा श्रोताही सामान्यच होता. विशिष्ट आठवड्यातील मतसंख्या आणि समाजाची अभिरुची या एकच गोष्टी नाहीत, एवढेच यातून सिद्ध होते.

'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात (२००७) हा प्रश्न संगीताच्या पलीकडे गेला. अंतिम लढत कोलकाता पोलिसांत नोकरी करणारा दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल यांच्यात झाली. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात तमांगसाठी निधी गोळा करून मते पाठविण्यात आली. शिलाँगमध्ये आदिवासी आणि बंगाली समाजांत दीर्घकाळ तणाव होता. तेथे बंगाली असलेल्या पॉलच्या मागे खासी समाजही उभा राहिला आणि मेघालय सरकारने त्याला सदिच्छादूताचा मान दिला. २३ सप्टेंबर २००७ रोजी तमांग विजयी झाला. त्यानंतर दिल्लीतील एका रेडिओ निवेदकाच्या उपहासात्मक उद्गारांवरून नेपाळीभाषक समाजात संताप उसळला आणि सिलिगुडीत हिंसाचार झाला. तमांगच्या समर्थनमोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली.

ही मते गाण्याला दिलेली नव्हती, अशी टीका झाली. ती खरी असली तरी अपुरी आहे. ज्या समाजाचा चेहरा राष्ट्रीय पडद्यावर क्वचित दिसे, त्याने हाती आलेल्या एकमेव साधनाने आपली उपस्थिती नोंदविली. तिला संगीतविषयक निर्णय म्हणून वाचणे ही चूक आहे, आणि निरर्थक झुंड म्हणून मोडीत काढणे ही त्याहून मोठी चूक आहे.

५. बालस्पर्धकांचा प्रश्न

स्पर्धक लहान असतो तेव्हा अभिप्रायाबरोबर उत्तरदायित्वही वाढते. मुलाचा आवाज ही पूर्ण झालेली वस्तू नसते. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, पट्टी बदलते. मुलींच्या आवाजाचाही पोत बदलतो. दहा-बारा वर्षांच्या गळ्यावर दिलेला निर्णय वस्तुतः एका टप्प्यावरची नोंद असते. 'पंचरत्नां'चा पुढील प्रवास हेच दाखवितो. रोहित राऊत २०२० मध्ये संपलेल्या 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला, आणि २०२१ मध्ये हे पाचही जण नव्या 'लिटिल चॅम्प्स'च्या परीक्षकांच्या आसनावर बसले. त्या वेळी २००९ चा क्रमांक गौण ठरला होता. प्रेक्षकाच्या स्मरणात निकालापेक्षा पाच वेगळे आवाज राहिले. अर्थात प्रेक्षकाने स्वतःच आपल्या मतदानावर केलेले हे भाष्य होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, गायनस्पर्धेच्या प्रेक्षकाकडे परंपरेने आलेली, अनौपचारिक परंतु समर्थ अशी आस्वादाची भाषा आहे. दुसरा, त्याच्या अभिप्रायात गानमूल्य, जिव्हाळा आणि संगीतप्रकाराशी व समूहाशी असलेली निष्ठा हे स्तर एकत्र नांदतात. मतदानाची पद्धती त्यांतील भेद पुसून टाकते. तिसरा, प्रेक्षकाच्या अभिरुचीविषयीची तक्रार बहुतांशी या पद्धतीविषयीची आणि कार्यक्रमाच्या चौकटीविषयीची तक्रार असते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या निष्कर्षांना विशेष महत्त्व आहे. वर्गातील विद्यार्थी हा याच कार्यक्रमांचा प्रेक्षक असतो. 'मला ती आवडली' या त्याच्या वाक्याला हसण्याऐवजी 'काय आवडले? सूर, शब्द, ती मुलगी, की तिचे गाव?' असा प्रश्न त्याला विचारला, तर आस्वादाकडून समीक्षेकडे जाणारी वाट त्याच्याच अनुभवातून निघू शकते. मतदानाची साधने एसएमएसवरून अ‍ॅपवर गेली असली, तरी पडद्यावर या प्रश्नासाठी जागा झालेली नाही. ती वर्गात निर्माण करता येते.