चोरलेले मूल आणि चोरलेली जात

स्वच्छंदतावाद शिकवताना मी व्हिक्टर ह्यूगोच्या 'नोत्र दाम द पारी' या 1831 सालच्या कादंबरीची गोष्ट वर्गात सांगतो. एस्मेराल्दा ही पॅरिसच्या रस्त्यांवर नाचणारी जिप्सी मुलगी. देखणी, निर्मळ मनाची. फटके खाऊन तहानेने तडफडणाऱ्या कुरूप क्वासिमोदोला गर्दीतले कोणी पाणी देत नाही, ती देते. पाण्याचा हा प्रसंग आमच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. शेवटी मी सांगितले, की एस्मेराल्दा मुळात जिप्सी नव्हतीच. ती एका फ्रेंच बाईची मुलगी, तान्हेपणी जिप्सींनी पळवलेली. तेव्हा मागच्या बाकावरचा एक कैकाडी समाजातला विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, चांगली निघाली म्हणून ती त्यांची नाही?"

आठ-नऊ वर्षे मी ही गोष्ट सांगत आलो होतो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझी वाङ्मयीन अभिरुची ज्यांनी घडवली, त्यांनाही तो पडला नसावा.

मग मी पुन्हा वाचायला बसलो. ह्यूगोने मूल केवळ पळवलेले नाही, त्याची अदलाबदल केली आहे. गोरी, गोजिरवाणी मुलगी नेली आणि तिच्या जागी एक विद्रूप पोर ठेवले. तोच क्वासिमोदो. म्हणजे सौंदर्य फ्रेंच रक्ताचे आणि कुबड तेवढे जिप्सींचे! मानवतावादी म्हणून ज्याच्यापुढे आपण मान तुकवतो, त्या लेखकाची ही वाटणी आहे. ही युक्तीही ह्यूगोची स्वतःची नाही. त्याच्या दोन शतके आधी, 1613 मध्ये, सर्व्हान्तिसने 'ला हितानिया' ही कथा लिहिली. जिप्सी जन्मतात ते चोरी करण्यासाठीच, अशा सुरात ती सुरू होते. तिची नायिका प्रेसिओसा बुद्धिमान आणि शीलवान. पण अखेरीस तीही एका बड्या अधिकाऱ्याची चोरीला गेलेली कन्या ठरते आणि मगच उमरावाच्या मुलाशी तिचे लग्न लागते. उलट मेरिमेची कार्मेन खरोखरच जिप्सी आहे. म्हणून ती भुलवते, चोरते आणि शेवटी प्रियकराच्या सुरीने मरते. नंतर मेरिमे कथेला या जमातीविषयीचे एक माहितीपर प्रकरणही जोडून देतो. मेलेल्या बाईच्या उशाशी बसून जनगणना करावी, तसा हा प्रकार.

हे आपल्याला परके का वाटावे? कर्णाच्या पराक्रमाचे कारण आपल्या महाकाव्याने सूताच्या घरात शोधले नाही, ते कुंतीच्या उदरात शोधले. हरिवंशाने एकलव्यालासुद्धा यादव कुळात जन्म दिला आहे. कबीर एवढा मोठा, मग तो विणकराच्या पोटी कसा जन्मेल? म्हणून ब्राह्मण विधवेची दंतकथा निघाली. व्यवस्थेला खालचा माणूस थोर झालेला चालतो. तो खालचा राहून थोर झालेला चालत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी कौतुकाने म्हणाले होते, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." मी हसलो होतो. त्या हसण्याची लाज मला आता वाटते. माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होती, आणि मी तिच्यासारखा दिसत नाही ही शाबासकी म्हणून मी खिशात घातली. बाबुराव बागुलांच्या कथेतला नायक जात चोरतो ती पोटासाठी, निवाऱ्यासाठी. मी ती हसून चोरली.

कादंबरीतली चोरी एकीकडे आणि इतिहासातली दुसरीकडे. ह्यूगो लिहीत होता त्या वर्षी आजच्या रुमानियातल्या वालाकिया आणि मोल्दाविया या प्रांतांत रोमा माणसे गुलाम होती. आईबाप आणि मुले वेगवेगळ्या धन्यांना विकता येत. ही गुलामी 1855-56 साली संपली. त्याआधी ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीने रोमांची मुले काढून शेतकरी कुटुंबांत वाढवण्याचे हुकूम काढले होते. स्वित्झर्लंडमध्ये 1926 ते 1973 या काळात एका बालकल्याण संस्थेने भटक्यांची सुमारे 600 मुले घरातून उचलली. ती बहुतेक येनिश जमातीची होती. येनिश हे रोमा नव्हेत, पण शिक्का तोच. मूल चोरणारी जमात असा ज्यांचा लौकिक, त्यांचीच मुले चोरली गेली, तीही सरकारी कागद लावून. आणि त्याला नाव काय? कल्याण!

आणि शाळा? चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्त्रावा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांच्या खास शाळांत घालत. शहराच्या विद्यार्थ्यांत रोमा दोन टक्क्यांच्या थोडे वर, या खास शाळांत मात्र निम्मे. 18 मुलांनी दाद मागितली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2007 साली हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. बाराखडी यायच्या आत ज्याला मठ्ठ ठरवून मागे बसवले गेले, त्याला हे प्रकरण नकाशात शोधावे लागणार नाही. रोमांचा समावेश करा म्हणताना मागायचे ते एवढेच, की मूल त्याच बाकावर बसावे आणि तिथे बसण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाचे मूल ठरावे लागू नये.

ह्यूगो जुना झाला, असे कोणी म्हणेल. 2013 च्या ऑक्टोबरात ग्रीसमधल्या एका रोमा वस्तीत पोलिसांना गोरी, सोनेरी केसांची मुलगी दिसली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी लगेच तिला चोरलेली ठरवले. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतली गोरी मुले पोलिसांनी उचलली आणि तपासणी होताच परत केली. ग्रीसमधल्या मुलीचेही खरे आईबाप सापडले. ते बल्गेरियातले रोमा होते! दारिद्र्यामुळे मूल दुसऱ्यांकडे राहिले होते. अगोदर कादंबरी लिहिली गेली, नंतर पोलीस आले; असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. रोमांची भाषा भारतीय कुळातली आहे, हे निर्विवाद आहे. पाण्याला ते 'पानी'च म्हणतात, नाकाला 'नाक'. 'रोम' हा शब्द 'डोम' या जातिनामापासून आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. परंतु आपल्याकडे आवडीने सांगितले जाते ते हे, की ते मूळचे राजपूत लढवय्ये. या मताला पुरावे असतील-नसतील, त्यात मी शिरत नाही. स्वतः रोमांतल्या काही विद्वानांनीही लढवय्यांच्या उगमाचे मत मांडले आहे. अपमानित माणूस आधार शोधतो, हे मी समजू शकतो. मला खटकते ती आपल्या लोकांची ओढ. डोम पूर्वज असले तर भाऊ म्हणवत नाही काय? दिल्लीत 2016 साली रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना भारताची लेकरे म्हटले. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्या इथल्या लेकरांच्या पालांवर मात्र 1952 नंतरही पहिला संशय जातो. कुठे चोरी झाली की पारध्याच्या पालावर जीप येतेच.

रोमा स्वतः काय लिहितात, हे आपण वाचले पाहिजे. पोलंडच्या पापुशाने कोंबड्या देऊन एका ज्यू दुकानदारणीकडून अक्षरे शिकून घेतली. तिची गाणी एका पोलिश कवीने गोळा केली, भाषांतरित केली, छापली. त्याच सुमारास सरकारने भटक्यांना सक्तीने एका जागी बसवायला सुरुवात केली, आणि तिच्या नावाचा उपयोग त्यासाठी झाला. समाजाने तिला फितूर ठरवून वाळीत टाकले. 1987 साली ती वारली. शेवटची कित्येक वर्षे तिने जवळजवळ लिहिलेच नाही. 'उपरा' 1980 साली आणि 'उचल्या' 1987 साली आले, तेव्हा आपल्याकडेही घरचे गुपित चव्हाट्यावर मांडल्याची कुजबुज होतीच. पापुशाला तिच्या लोकांनी सांभाळायला हवे होते, असे मला वाटते. त्यांची भीतीही खोटी नव्हती.

पुढच्या तासाला मी वर्गात हे सगळे सांगितले. तो विद्यार्थी ऐकत होता. तास संपल्यावर टेबलापाशी आला. म्हणाला, "सर, एस्मेराल्दाला तिची आई भेटली. त्या क्वासिमोदोची आई कोण होती, ते लिहिलंय का कुठं?"

मी पुस्तक उघडून त्याला दाखवले. लिहिलेले नाही.