घरांतील स्पीकर आणि कानाची साक्ष

ग्रंथाचें परीक्षण करणारानें तो ग्रंथ वाचलेला असावा, ही अपेक्षा कोणी अवास्तव म्हणणार नाहीं. परंतु घरीं गाणें ऐकण्यासाठीं स्पीकरांची जोडी घेणारा रसिक बहुधा ती नीट न ऐकतांच तिजविषयीं मत बनवितो. तो माहितीपत्रकें वाचतो, इतरांचे अभिप्राय वाचतो, किंमत पाहतो. फार झालें तर दुकानांतल्या गालिचे-पडद्यांच्या खोलींत दहा मिनिटें बसून येतो. आमचें म्हणणें असें कीं, स्पीकरची अखेरची परीक्षा ज्या खोलींत तो वाजावयाचा तेथेंच, आणि ज्यास तो ऐकावयाचा त्याच्याच कानांनीं झाली पाहिजे. मात्र परीक्षा म्हणजे नुसतें ‘ऐकून पाहणें’ नव्हे. तीस कांहीं शिस्त आहे, आणि त्या शिस्तीवांचून घरची परीक्षा दुकानांतल्या परीक्षेइतकीच फसवी ठरते.

प्रथम खोलीचा विचार करूं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४४ मीटर जातो. खोली १६ फूट लांब असेल, तर तिच्या लांबीशीं जुळणारा पहिला नाद सेकंदास सुमारें ३५ आंदोलनांचा व दुसरा सुमारें ७० आंदोलनांचा येतो. आतां काळी एक पट्टींत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार घ्या. तिचा मूळ स्वर सुमारें ६९ आंदोलनांचा. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या नादाशीं जवळजवळ एकरूप. अशा खोलींत भिंतीशीं किंवा मधोमध बसणारास हा स्वर वाजवीपेक्षां फुगलेला ऐकूं येईल. मागल्या भिंतीपासून चार फुटांवर बसणारास तोच क्षीण वाटेल. डग्ग्याचा घुमाराही याच प्रदेशांत फिरतो. स्पीकर तोच, मुद्रण तेंच. बदलली ती केवळ खुर्चीची जागा! स्पीकर भिंतीला टेकविला तर खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यांत सारला तर अधिकच वाढतात. आपल्याकडील खोल्यांत फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती व लोखंडी कपाट यांमुळें टाळी वाजवितांच खणखणाट उठतो. तेथें सतरंजी किंवा गालिचा अंथरल्यानें वरचे स्वर मवाळ होतील, पण खर्जावर त्याचा फारसा परिणाम होणार नाहीं. तेव्हां दुकानांत ‘भरदार’ वाटलेली जोडी घरीं बोजड वाटली, तर दुकानदारानें फसविलें असें मानण्याचें कारण नाहीं. दुकानांत आपण त्या जोडीबरोबर दुकानाची खोलीही ऐकली होती, इतकेंच.

यावर कोणी म्हणेल, घरीं आणून ऐकलें म्हणजे झालें. आपले कान काय खोटें सांगतील? इतिहासाचें उत्तर मात्र सावध करणारें आहे. १९१५ पासून पुढें कित्येक वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत जाहीर सभा भरविल्या. गायिका यंत्राशेजारीं उभी राहून गाई, मध्येंच थांबे, आणि यंत्र तेंच गाणें पुढें चालवी. अंधार केला असतां फरक कळत नाहीं, असें श्रोते सांगत. यंत्र त्या काळच्या मानानें उत्तम असेल. परंतु त्या सभांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेनें पुढें सांगितलें कीं, आपण आपला आवाज यंत्राशीं जुळवून घेत होतों. १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर; एकदां स्पीकर डोळ्यांदेखत ठेवून, एकदां पडद्याआड. डोळ्यांना दिसत असतांना मोठ्या व भारी स्पीकरांस अधिक गुण मिळाले व लहान, स्वस्त स्पीकर खालीं गेला. पडदा पडतांच हें अंतर पुष्कळसें मिटलें. हे श्रोते स्पीकर बनविणाऱ्या कंपनींतलेच नोकर होते, हें ध्यानांत ठेवावें. कानाची साक्ष घ्यावी हें खरें. पण न्यायाधीश साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, तशी ती घेतली पाहिजे.

उलटतपासणीचे नियम थोडे व घरीं पाळतां येण्याजोगे आहेत. पहिला नियम समान मोठेपणाचा. १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन यांनीं दाखविलें कीं, आवाज कमी केला म्हणजे खालचे स्वर कानास इतरांहून अधिक वेगानें लोप पावतात. म्हणून जी जोडी किंचित् मोठी वाजते ती अधिक भरदार भासते, आणि ऐकणारा त्या मोठेपणास गुण समजतो. बसण्याच्या जागीं मापकयंत्र धरून दोन्ही जोड्या सारख्या कराव्या. एका डेसिबलचा फरकही निकाल फिरवूं शकतो. दुसरा नियम, पातळ कापडाचा पडदा लावून अदलाबदल दुसऱ्या कोणास करावयास सांगावी, आणि ती चटकन् व्हावी. कारण नादाच्या बारकाव्यांची स्मृति अल्पजीवी असते. तिसरा, दोन्ही स्पीकर आळीपाळीनें एकाच जागीं ठेवावे. नाहींतर परीक्षा जागेची होते. चौथा, आधीं एकच स्पीकर वाजवावा. दोन एकदम वाजूं लागले कीं त्यांच्या पसाऱ्यांत एकाचे दोष झांकून जातात.

आणि ऐकावयाचें काय? येथें मोठा पेंच आहे. मूळ मैफल कशी होती हें आपणांस ठाऊक नसतें. मुद्रणच सदोष असेल तर स्पीकरला दोष देणें अन्याय्य होय. १९३० नंतरच्या दशकांतील अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या कंठाच्या पारखीसाठीं अमोल आहेत, पण खर्जाच्या परीक्षेस त्या निरुपयोगी. त्या काळच्या तबकडींत तो भाग पुरेसा उतरतच नसे. आमच्या मतें आपल्या घरांतील खरा मापदंड तंबोरा हा आहे. मिरजेचा तंबोरा पुष्कळ घरांत आहे किंवा शेजारीं तरी आहे. त्याचा नाद अखंड असल्यामुळें खोलींत चार पावलें फिरतांच खोलीचे दोष उघडे पडतात. आणि जवारी नीट लागली असतां उमटणारा स्वयंभू गंधार स्पीकरमधून ऐकूं येतो कीं नाहीं, ही मध्यभागाची चोख कसोटी होय.

सर्वांस दोन-तीन जोड्या घरीं आणून ऐकणें शक्य नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. त्यांनीं मापनाचे आलेख अवश्य पाहावे. सरळ समोरचा व बाजूंस जाणारा आवाज जितका समतोल, तितका तो स्पीकर पडद्याआडच्या श्रोत्यांस आवडतो, असें टूल यांच्या संशोधनांतून दिसून आलें आहे. कांहीं शें आंदोलनांच्या वर स्पीकरचा स्वभाव चालतो, खालीं खोलीची सत्ता चालते. वरच्या भागाचा निवाडा आलेखांवरून बराचसा होतो. खालचा मात्र घरींच करावा लागतो.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. मैफलीस वर्षांतून दोनदां जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा कान मैफलींत घडत नाहीं. तो बैठकीच्या खोलींत, रोज वाजणाऱ्या स्पीकरवर घडतो. ज्या मुलानें खर्ज म्हणजे फुगलेला गुमगुमाट किंवा खर्ज म्हणजे कांहींच नाहीं असें वर्षानुवर्षें ऐकलें, त्याला पुढें खरा तंबोरा ऐकून तोच चुकीचा वाटेल. आपल्या संगीताची इमारत ज्या आधारस्वरावर उभी आहे, तो आपल्या घरांत खरा ऐकूं येतो कीं नाहीं, याची जबाबदारी दुकानदाराची नव्हे, परीक्षकाची नव्हे. ती घरच्या माणसांची आहे.