मुलामा आणि अ‍ॅल्युमिनियम : एक शब्दविचार

कोल्हापूरच्या परिसरात धातूच्या अंगकांतीची परिभाषा जुनी आहे. पितळेच्या भांड्यास कल्हई, हुपरीच्या चांदीस जिल्हई, हलक्या धातूच्या दागिन्यास सोन्याचा मुलामा. हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. त्यांपैकी ‘मुलामा’ या शब्दास मराठीत दिखाऊपणाचा लाक्षणिक अर्थही चिकटला आहे.

यंत्रवस्तूंच्या शोभेच्या पट्ट्या, मुठी व चौकटी यांवरील रंगीत अ‍ॅल्युमिनियमला ‘मुलामा दिलेला’ म्हणणे मात्र शास्त्रास धरून नाही. मुलाम्यात परका धातू वरून चढतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये गंधकाम्लाच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियमलाच धनाग्र करून विद्युत्प्रवाह सोडतात आणि त्याच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड बनते. त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरतो; मग उकळत्या पाण्यात छिद्रे मिटवतात. शोभेच्या कामात हा थर साधारणतः ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये हे तंत्र प्रथम वापरले गेले, ते शोभेसाठी नव्हे, तर सागरी विमानांचे भाग गंजू नयेत म्हणून.

हा थर पारदर्शक असल्यामुळे घासणीच्या रेषा त्याखालूनही दिसतात आणि ओरखडेही लपत नाहीत. म्हणजे रचनाकाराची खरी परीक्षा द्रावणापूर्वीच होते. या अर्थी त्याचे नाते मुलाम्यापेक्षा जिल्हईशी अधिक जवळचे आहे.

तथापि, सोनेरी रंग देऊन तीच पट्टी सोन्याची भासविली, तर प्रक्रियेस न लागू पडणारा शब्द हेतूस लागू पडतो. समीक्षकाने ‘मुलामा’ हा शब्द टाकू नये; तो प्रक्रियेसाठी न योजता अशा हेतूसाठी राखून ठेवावा.