शेवटचा स्पर्श कोणाचा? द्रोग्बाची कारकीर्द आणि एक लोकप्रिय कथा



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला कार्यकारणविचार पाहिला. आज तोच विचार फुटबॉलच्या मैदानावर न्यायचा आहे. दिदिए द्रोग्बा हे नाव तुमच्यातल्या तरुणांना ठाऊक असेलच. लंडनच्या चेल्सी क्लबचा स्ट्रायकर, आयव्हरी कोस्टचा कर्णधार. त्याच्याबद्दल एक वाक्य जगभर ऐकू येतं : ‘या खेळाडूने आपल्या देशातलं यादवी युद्ध थांबवलं.’ आमचा आक्षेप या वाक्याला आहे, माणसाविषयी आदरच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम कारकीर्द पाहू. जन्म १९७८चा, आबिदजानचा. पाच वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला फ्रान्सला, नात्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉलपटूकडे धाडलं. त्याला पहिला व्यावसायिक करार मिळाला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे या धंद्याच्या मानाने उशिराच. पुढे मार्सेय आणि २००४ साली चेल्सी. चेल्सीसाठी १६४ गोल, देशासाठी १०५ सामन्यांत ६५.

आकडे मोठे आहेत. पण गोलांचा आकडा मोजतो काय? फक्त शेवटचा स्पर्श. द्रोग्बाचं निम्मं काम त्यात येतच नाही. गोलकडे पाठ करून उभं राहायचं, दोन बचावपटू अंगावर घ्यायचे, लांबून आलेला चेंडू छातीवर झेलून धरून ठेवायचा आणि मागून धावत येणाऱ्या लॅम्पार्डसारख्या सहकाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. ही मेहनत धावफलकावर दिसत नाही.

१९ मे २०१२चा म्युनिकमधला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना घ्या. बायर्न म्युनिक एका गोलने पुढे. ८८व्या मिनिटाला माटाच्या कॉर्नरवर द्रोग्बाने डोक्याने बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउटमध्ये विजयाची पेनल्टीही त्याचीच. म्हणून सगळे म्हणतात, द्रोग्बाने कप जिंकला. पण जादा वेळेत रिबेरीला पाडून बायर्नला पेनल्टी बहाल करणाराही हाच होता! रॉबेनची ती पेनल्टी गोलरक्षक पेत्र चेकने अडवली, म्हणून पुढची कथा घडली. आपल्याकडेही २०११च्या विश्वचषकाचा वानखेडेवरचा धोनीचा षटकार सर्वांना आठवतो. गंभीरच्या ९७ धावांची आठवण करून द्यावी लागते.

खेळात हे चालून जातं. इतिहासात चालत नाही.

आयव्हरी कोस्टमध्ये सप्टेंबर २००२ मध्ये बंड झालं आणि देशाचे दोन तुकडे पडले : उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी संघाने ओमदुरमानला सुदानचा ३-१ असा पराभव केला आणि देश प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. तोही कधी? दुसरीकडे कॅमेरूनची अखेरच्या क्षणाची पेनल्टी खांबाला लागली तेव्हा. त्यानंतर द्रोग्बाने कॅमेऱ्यासमोर, सहकाऱ्यांसह गुडघे टेकून, देशबांधवांना शस्त्रं खाली ठेवण्याची आणि निवडणुका घेण्याची विनंती केली. दृश्य हृद्य आहे, यात शंका नाही.

आता क्रम तपासा. त्याच महिन्यात ठरलेल्या निवडणुका झाल्या नाहीत. त्या झाल्या २०१० साली. शांतता करार झाला मार्च २००७ मध्ये, ऊआगादुगूला, बुर्किना फासोच्या अध्यक्षांच्या मध्यस्थीने. मधल्या काळात दोन्ही फौजांच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांचे आणि फ्रान्सचे सैनिक उभे होते. बंडखोरांचं केंद्र असलेल्या बुआके शहरात राष्ट्रीय संघाचा मादागास्करशी सामना झाला तो ३ जून २००७ला, म्हणजे कराराच्या नंतर. आणि २०१०च्या निवडणुकीचा निकाल मान्य न झाल्याने पुन्हा हिंसाचार उसळला, सुमारे ३,००० माणसं मेली.

कावळा बसला आणि फांदी मोडली, यावरून कावळ्याला कारण ठरवू नये, हे आपली आजीसुद्धा जाणते. नैयायिक आणखी पुढे जातात. घडा घडताना योगायोगाने तिथे हजर असलेलं गाढव घड्याचं कारण नव्हे, ते ‘अन्यथासिद्ध’. हसू नका, द्रोग्बाला आम्ही त्या पंक्तीत बसवत नाही. आमचा मुद्दा असा की कारण ठरवायला कसोटी लागते, आणि टाळ्या ही कसोटी नव्हे.

याने बिघडतं काय, असं कुणी विचारील. बरंच बिघडतं. युद्ध एका भाषणाने थांबलं असं मानलं, की जमीन, नागरिकत्व, मतदानाचा हक्क हे वादाचे खरे विषय नजरेआड होतात. मग २०११चे मृतदेह या कथेत कुठे ठेवायचे? त्यांना जागाच उरत नाही, म्हणून कथाकार २००७लाच थांबतो.

मग द्रोग्बाने काय केलं? तो सामना बुआकेला व्हावा असा आग्रह धरला. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच मैदानात एकाच संघासाठी ओरडले. पुढे २०११च्या सत्य व समेट आयोगावर सदस्य म्हणूनही त्याने काम केलं. हे युद्ध थांबवणं नव्हे. हे त्याचं मैदानावरचंच काम आहे : चेंडू धरून ठेवायचा आणि इतरांना यायला जागा करून द्यायची. त्या जागेत कोणी आलं, कोणी आलं नाही. पाच वर्षांचा असताना देशाबाहेर गेलेल्या माणसाने एवढं करावं, हे आम्हाला दंतकथेपेक्षा मोठं वाटतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.