मोजक्या सुरांचे सामर्थ्य

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्या चाळताना 'कोलोसल यूथ' ही एक दीर्घ तबकडी आमच्या हाती लागली. वेष्टनावर काळोखात अर्धवट उजळलेले तीन चेहरे. संगीतसमूहाचे नाव यंग मार्बल जायंट्स. दोन्ही नावे आम्हांस अपरिचित होती. घरी येऊन सुई टेकवली तेव्हा ध्वनिवर्धकच बिघडला असावा अशी शंका आली, इतके थोडे ऐकू येत होते.

स्टुअर्ट व फिलिप मॉक्सहॅम हे बंधू आणि गायिका ॲलिसन स्टॅटन यांनी वेल्समधील कार्डिफ येथे १९७८ साली हा समूह स्थापन केला. तो काळ पंक संगीताच्या कल्लोळाचा. १९८० मध्ये रफ ट्रेड कंपनीने काढलेल्या या तबकडीत मात्र ड्रमवादकच नाही. तालयंत्राची टिकटिक, बेस गिटारने वाहिलेली चाल, तारा दाबून छेडलेली गिटार, एवढाच संसार. ऑर्गनचा सूर आपल्या वाचकांस चर्चमुळे परिचित आहे. तेथे तो छतापर्यंत भरून राहतो. येथे तो एका लहान खोलीपुरता आहे. शेजारी कोणी काम करता करता गुणगुणावे, तसे ॲलिसन गाते. 'ब्रँड-न्यू-लाइफ' हे प्रेमभंगाचे गीत; पण तिच्या स्वरात हुंदका नाही. दुःख ती केवळ सांगते आणि म्हणूनच ते आपल्याला टाळता येत नाही.

दोषही सांगितला पाहिजे. पंधरा रचना सलग ऐकल्यास तालयंत्राचा एकसुरीपणा जाणवतो. काही रचना रेखाटनाच्या पुढे जात नाहीत.

समूह लवकरच विखुरला. पुढे निर्वाणा या समूहाच्या कर्ट कोबेनने ही तबकडी आपल्या आवडत्यांत गणली. १९९४ मध्ये होल या समूहाने तिच्यातील एक गीत नव्याने गायिले. २००७ मध्ये डॉमिनो कंपनीने ती पुन्हा काढली. हे सारे आम्हांस नंतर कळले, याचे समाधान वाटते. आधी कळते, तर थोरांच्या शिफारशीला मान देऊन आम्ही ऐकले असते आणि ध्वनिवर्धकाविषयीची ती पहिली शंका आमच्या वाट्याला आली नसती. या संगीताची खरी ओळख त्या शंकेपासूनच सुरू होते.

वाचकांस ही तबकडी लाभल्यास, रात्री घर शांत झाल्यावर तिची एकच बाजू ऐकावी, अशी आमची सूचना आहे.