ख्रिस्ती वाङ्मय, मराठी : प्रौढांचे व मुलांचे वाचन

ख्रिस्ती धर्माच्या प्रेरणेने मराठीत निर्माण झालेले वाङ्मय. त्याचा आरंभ सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोमंतकात झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबई व अहमदनगर येथील प्रॉटेस्टंट मिशनांनी त्यास मुद्रणाचे मोठे बळ दिले. या दुसऱ्या कालखंडातील पुस्तके व पुस्तिका संख्येने विपुल आहेत; तथापि त्यांतील फार थोडी आज वाचनीय वाटतात. बहुतेकांची वाक्यरचना इंग्रजी वळणाची असून शब्द मात्र संस्कृत कोशातले आहेत. ‘पाद्री मराठी’ हे उपहासाचे नाव या भाषेस मिळाले ते सर्वस्वी अन्यायाचे म्हणता येणार नाही. ओवी, अभंग आणि घरातले बोलणे ही मराठी वाचकाची ओळखीची रूपे ज्यांनी स्वीकारली, त्यांचे ग्रंथ मात्र टिकले. प्रस्तुत नोंदीत त्यांचाच प्राधान्याने विचार केला आहे.

या ग्रंथांत कालदृष्ट्या व गुणदृष्ट्याही पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाच्या ख्रिस्तपुराण या काव्याचा आहे. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. धर्मांतरितांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी ऐकावयास काही नव्हते. ही त्यांची तक्रार त्याने मनावर घेतली आणि सुमारे ११,००० ओव्यांचे पुराणच रचले. पहिल्या भागात जुन्या कराराची व दुसऱ्यात येशूचरित्राची कथा येते. ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींची प्रत आज मिळत नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे १९०७ मध्ये, पुन्हा रोमन लिपीतच, तो प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या हाती तो खऱ्या अर्थाने आला शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीमुळे. म्हणजे मराठीत लिहिलेला ग्रंथ मराठी लिपीत मराठी वाचकास मिळण्यास सुमारे साडेतीनशे वर्षे लागली. स्टीफन्सने स्वर्गास वैकुंठ म्हटले यावरून काहींनी त्याच्या हेतूविषयी शंका घेतली आहे. परंतु ग्रंथ वाचताना ही शंका टिकत नाही. श्रोत्याला कळेल अशा शब्दाने बोलणे हे पुराणिकाचे कामच होय, आणि स्टीफन्स येथे मनापासून पुराणिक झाला आहे. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती वारंवार उद्धृत होते. वस्तुतः कथाभागातील त्याचे संथ, चित्रमय निवेदन तिच्याहून सरस आहे. सबंध ग्रंथ सलग वाचण्याचा आग्रह नवख्या वाचकाने धरू नये. जुन्या मराठीची सवय होईपर्यंत दुसऱ्या भागातील जन्मकथा व दुःखभोगाचे प्रसंग वाचावेत.

अव्वल इंग्रजीत मराठी ख्रिस्ती गद्य घडत गेले. हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या रूपककथेचे केलेले यात्रिकक्रमण (१८४१) हे भाषांतर आणि १८४२ पासून अहमदनगर येथे निघू लागलेले ज्ञानोदय हे नियतकालिक यांचे महत्त्व ऐतिहासिक आहे. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्याबद्दल मात्र अधिक सांगितले पाहिजे. त्यांचे यमुनापर्यटन (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी म्हणून परीक्षेपुरते सर्वांस ठाऊक असते. विधवांच्या हालांची त्यातील वर्णने अद्याप अस्वस्थ करतात. पण कथा जागोजागी प्रवचनासाठी थांबते, आणि नायिकेच्या धर्मांतराचा व पुनर्विवाहाचा शेवट आधीच ठरलेला वाटतो. त्यांचे अरुणोदय हे आत्मचरित्र याहून कितीतरी श्रेष्ठ असूनही क्वचितच वाचले जाते. बेळगावातील बालपण, मुंबईचे शिक्षण आणि गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेची हकीकत त्यात आहे. स्वतःचे मन कसे बदलत गेले हे इतक्या सावकाशीने नोंदविणारे पुस्तक त्या काळी मराठीत दुर्मिळच होते.

पुणे जिल्ह्यापुरते पाहिल्यास या वाङ्मयातील विरोध एकाच लोहमार्गावर दिसतो. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर मावळातील लोणावळे येथे रेल्वेच्या नोकरवर्गाची वसाहत वाढली व प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनामंदिरे झाली. त्या वसाहतीतील युरोपीयांचा धर्म इंग्रजी पुस्तकांत होता. भोवतालच्या मावळी शेतकऱ्याशी त्याचा वाचनसंबंध येण्याचे कारण नव्हते. तोच मार्ग पुण्याच्या पूर्वेस केडगावला पोचतो. तेथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक मुळांवरून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीस समजेल असे बायबल त्यांना हवे होते. जुळणी व छपाईही आश्रमातील स्त्रियांनीच केली. ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका स्त्रीने एकटीने पार पाडलेल्या या कार्याचा गौरव करावा तितका थोडाच. तरीही मुळाशी शब्दशः एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे भाषा अनेक ठिकाणी अडखळते, हे नमूद करणे प्राप्त आहे. ज्या वाचकासाठी ते केले त्याला ते सोपे झाले नाही. केवळ वाचनासाठी बायबल हवे असल्यास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल (२०१०) हाती घ्यावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांमुळे ख्रिस्ती भक्तीला वारकरी परंपरेचा स्वर मिळाला, आणि आजही मराठी चर्चमध्ये ते गायिले जातात. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी अपुरे सोडले. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी ते पुढे नेले व १९३८ मध्ये ते छापले गेले. त्याचे नाव मोठे असले तरी वाचनीयतेत ते अभंगांची बरोबरी करीत नाही.

लक्ष्मीबाईंचे स्मृतिचित्रे (चार भाग, १९३४–३६) ही मात्र या साऱ्या वाङ्मयातील निर्विवाद श्रेष्ठ कृती होय. तीत धर्मोपदेश जवळजवळ नाही. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, पतीचा लहरी उदारपणा, धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, पुन्हा एकत्र आल्यावरचा संसार, प्लेगचे दिवस हे सारे लेखिकेने स्वतःला हसत सांगितले आहे. जातिभेद मनुष्यकृत आहे हे तिला कोणत्या ग्रंथाने पटविले नाही. विटाळाच्या भीतीने पछाडलेली ही बाई स्वतःशीच विचार करीत त्या निष्कर्षाला येते, आणि आधी आचरण बदलते, बाप्तिस्मा नंतर घेते. धर्मांतराचे समर्थन करणाऱ्या शेकडो पुस्तिकांना जे साधले नाही ते या प्रसंगास साधले आहे, कारण येथे कोणी कोणाला जिंकलेले नाही. काही समीक्षकांनी या गद्याला ‘भाबडे’ म्हटले. ते बरोबर नाही. कुठे थांबावे आणि कोणती गोष्ट न सांगता सोडावी याची लेखिकेची जाण पक्की आहे. अशोक देवदत्त टिळक यांनी संपादिलेली आवृत्ती टिपांमुळे विशेष उपयुक्त ठरते.

मुलांचे दालन तुलनेने रिते आहे. अमेरिकन मिशनचे बालबोधमेवा हे मासिक एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू झाले. मराठी मुलांना चित्रे व गोष्टी नियमितपणे देणाऱ्या आरंभीच्या मासिकांत त्याची गणना होते; परंतु गोष्टीच्या शेवटी बोध आलाच पाहिजे ही त्या काळची समजूत त्यासही भोवली. मुलांना खरोखर आवडले ते टिळकांचे काव्य. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख यथार्थ आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली. तिचा कवी पाद्री होता हे पाठ करणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसे. कवितेतील करुणेला त्याची गरजही नव्हती. बारा वर्षांच्या पुढील मुलांस स्मृतिचित्रांतील बालपणाची प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत. लहान मुलांसाठी बायबलच्या कथा मराठीत पुष्कळ निघाल्या आहेत. मात्र त्यांतील बहुसंख्य परदेशी चित्रपुस्तकांची भाषांतरे असून त्यांतील खेडे, झाडे व माणसे मराठी मुलाच्या ओळखीची नाहीत. मेंढपाळ, पेरणी, विहिरीवरचे पाणी या येशूच्या दृष्टांतांतील गोष्टी मावळातल्या मुलाने रोज पाहिलेल्या असतात. तरीही त्या त्याच्या बोलीत, त्याच्या शिवारात सांगणारे पुस्तक लिहिण्याचे काम ख्रिस्तपुराणानंतर फारसे कोणी हाती घेतलेले दिसत नाही.