प्रस्तावनेतून ग्रंथ : काणे यांची अभ्यासरीती

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा गौरव बहुधा आकड्यांनी केला जातो : ५ खंड, सुमारे ६,५०० पृष्ठे, १९३० ते १९६२ हा प्रकाशनकाल. हे आकडे परिश्रमांचे फळ दाखवितात. परिश्रमांची रीत दाखवीत नाहीत. अभ्यासकास खरा उपयोग आहे तो त्या रीतीचा.

ती रीत ग्रंथाच्या उगमापाशीच दिसते. नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’चे संपादन करीत असता काणे यांनी त्यास जोडण्यासाठी धर्मशास्त्रवाङ्मयाचा इतिहास लिहावयास घेतला. तो प्रस्तावनेत मावेना, म्हणून त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला. ‘साहित्यदर्पणा’च्या प्रस्तावनेचेही असेच झाले, वाढत वाढत १९५१ मध्ये तिला ‘हिस्टरी ऑफ संस्कृत पोएटिक्स’ हे रूप आले. दोन्ही ठिकाणी क्रम एकच : प्रथम एका ग्रंथाचे अक्षरशः वाचन, त्यातून उद्भवलेले प्रश्न, आणि त्या प्रश्नांपायी इतर शेकडो ग्रंथांचे वाचन. विस्तार हा येथे संकल्प नव्हता, परिणाम होता.

दुसरी सवय वकिलीची म्हणावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयात व्यवसाय करणाऱ्या या पंडिताने विधानाला आधार दिल्यावाचून पुढे पाऊल टाकले नाही. विवेचन इंग्रजीत, पण मूळ संस्कृत वचने तळटीपांत. म्हणजे लेखकाचा निर्णय तपासण्याचे साधन वाचकाच्याच हाती. कालनिर्णयातही तोच संयम आहे. मनुस्मृतीस ते एक वर्ष नेमून देत नाहीत; इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक आणि नंतरचे दुसरे शतक अशा दोन मर्यादा आखतात.

या रीतीची एक उणीवही नोंदविली पाहिजे. मांडणी विषयवार असल्यामुळे निरनिराळ्या शतकांतील वचने कित्येकदा शेजारी येऊन बसतात, आणि एकाच शब्दाचा अर्थ काळानुसार कसा पालटला हे वाचकालाच वेचून घ्यावे लागते. पुराव्यांच्या दाटीत निष्कर्ष मागे पडतो. साक्षी पुष्कळ, निकालपत्र त्रोटक, असे काही प्रकरणांविषयी वाटते.

तथापि ही उणीव भरून काढण्याची सामग्रीही त्याच तळटीपांत आहे, हे विसरता येत नाही. शिवाय काणे यांनी ग्रंथ कधी संपला असे मानले नाही. पहिल्या खंडाच्या सुधारित आवृत्तीचा पूर्वार्ध १९६८ मध्ये निघाला, तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते. उत्तरार्ध त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज संगणकाच्या साह्याने हवे ते वचन क्षणात सापडते. त्यामुळे अवतरणांची संख्या ही व्यासंगाची खूण राहिलेली नाही. ज्या ग्रंथातून वचन घेतले तो ग्रंथ वाचला आहे काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक प्रबंधाला विचारावा लागेल. काणे यांच्या तळटीपा या प्रश्नाला सामोऱ्या जातात. त्यांच्या पृष्ठसंख्येपेक्षा हे अनुकरणीय आहे.